कुंपणाला करवंद

जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा पुढच्या बाजूला भिंत झाली आणि मागच्या बाजूला येईपर्यंत पैसे संपले. तिथे सिमेंटचे खांब आणि काटेरी तार, एवढंच. मागचा प्लॉट मोकळा. त्यात वेड्या बाभळी, आणि बाभळींखाली दिवसभर कुणाच्या तरी शेळ्या. शेळीला तारेचं काय कौतुक! ती आधी मान घालते, मग खांदा, आणि आपण बाहेर येईपर्यंत गुलाब संपलेला असतो. तेव्हा मागे जिवंत, काटेरी, दाट कुंपण करायचं हे ठरलेलं होतं. कशाचं, ते ठरत नव्हतं.

त्यात धाकटे दीर लेहला फिरायला गेले आणि येताना नारिंगी रसाची एक बाटली घेऊन आले. सीबकथॉर्नचा रस. घोटभर घेतला आणि कानशिलं आंबली. दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या कुंपणाला हेच लावा. हे एवढाले काटे असतात. पाऊस नाही, माती नाही, नुसत्या वाळूत येतं. आपल्या सोलापूरला अगदी झकास."

ऐकायला पटण्यासारखं होतं म्हणून मी जरा खोलात गेले. लडाखात नुब्रा खोऱ्यात, सिंधूच्या काठाने हे झुडूप माजतं. लाहौल-स्पितीत त्याला छरमा म्हणतात. अरुंद रुपेरी पानं, लांब काटे आणि फांदीला चिकटून बसलेली वाटाण्याएवढी नारिंगी फळं. फळाचं साल इतकं पातळ आणि पकड इतकी घट्ट की हाताने तोडायला गेलं तर बोटांतच फुटतं. म्हणून तिथले लोक खाली कापड अंथरून फांद्या काठीने झोडपतात. डीआरडीओच्या लेहमधल्या प्रयोगशाळेने या रसाचं पेय बनवलं, ते 'लेह बेरी' नावाने बाजारात आलं, आणि तेव्हापासून बाहेरच्यांना या झुडपाची ओळख झाली. मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने ते हवेतला नत्र वापरतं, त्यामुळे खताची फारशी ददात नाही. इथवर दिरांचं बरोबर होतं.

पुढचं मात्र त्यांना गाडीच्या खिडकीतून दिसणं शक्य नव्हतं. लेहला वर्षाला पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर पडतो हे खरं, पण ही झुडपं उभी असतात ती नदीकाठी. वर कोरडं आणि खाली मुळांना वितळत्या बर्फाचं पाणी. दुसरं म्हणजे थंडी. लेह साडेतीन हजार मीटरवर. हे झाड उणे ४० अंशांपर्यंतची थंडी काढतं, आणि नुसती काढत नाही, त्याला ती लागते. कित्येक आठवड्यांची गाढ थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, नीट फुटत नाहीत. सोलापूरची थंडी जानेवारीतल्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेपुरती. तेव्हाही दुपारी सावली शोधावी लागते. आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या आसपास. शिवाय याची नर आणि मादी झाडं वेगळी. सहा-आठ माद्यांमागे एक नर, परागकण वाऱ्याने जाणार, आणि बियांपासून केलेलं रोप नर की मादी हे ते फुलायच्या वयात आल्यावरच कळणार. म्हणजे तीन-चार वर्षं कुंपणाला पाणी घालायचं आणि मग कळायचं की अर्धं कुंपण बिनफळाचं आहे. मी दिरांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग तसलंच इथलं काहीतरी बघा की."

तसलंच इथलं म्हणजे काटेरी, आंबट फळाचं, कमी पाण्याचं, चुनखडीला न घाबरणारं. डाळिंब सगळ्यात आधी सुचलं, कारण इथे डाळिंबाशिवाय कुणाला काही सुचतच नाही. पण डाळिंबाला तेल्या रोग येतो, फवारण्या आल्या, आणि घराला लागून मला औषधं मारायची नव्हती. बोराचं झाड होतं, ते झुडूप राहत नाही. आणि फळमाशीने पोखरलेली बोरं वेचून फेकण्यात सकाळ जाते. फालशाला काटे नाहीत. चिलार लावा असं शेतकरी नातेवाइकांनी सुचवलं. चिलारीत माणूससुद्धा अडकतो, पण खायला काही नाही. मग राहिलं करवंद. खरं तर ते माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतं. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. मे महिन्यात डोंगरावर जाऊन दुपार होईस्तोवर करवंदं खायची आणि चिकाने ओठ काळे करून परत यायचं, असं आमचं बालपण गेलं. पण सोलापूरच्या पर्जन्यछायेत, चुनखडीच्या जमिनीत सह्याद्रीच्या जाळ्या कशा वाढणार, असं वाटे.

ती शंका फिटली ती उत्तरेकडच्या लोकांमुळे. राजस्थानात, उत्तर प्रदेशात शेताच्या बांधावर करवंदाचं कुंपण जुन्या काळापासून करतात. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने तर पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा अशा त्याच्या जातीच काढल्या आहेत. आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड आहे. राजस्थानात येतं तर सोलापुरात का नाही? करवंदाला नको असतं ते एकच: मुळांत साचलेलं पाणी.

रोपं शोधायला निघाले. पहिल्या रोपवाटिकेत "करवंद आहे का?" विचारल्यावर मालकाने लगेच कुंडी पुढे केली. जाड, तुकतुकीत, गोलसर पानं, मोठी पांढरी फुलं, आणि टोकाला दोन फाटे फुटलेला काटा. दिसायला देखणं होतं, पण ते करवंद नव्हतं. ते आफ्रिकेतलं नाताळ प्लम, करवंदाचं चुलत भावंड. फळ लालभडक आणि लांबट, चवीला बरं. बंगल्यांच्या दारात शोभेला लावतात. करवंदाची फुलं त्याच्यापेक्षा खूपच लहान, जुईसारखी, झुबक्याने येणारी आणि देठाकडे जरा गुलाबी. घ्यायच्या आधी फूल बघावं, नाहीतर निदान पानाची जाडी तरी बघावी. दुसऱ्या ठिकाणी खरं करवंद मिळालं, पण गुलाबी-पांढऱ्या फळाचं, ज्याला बाजारात करोंदा म्हणतात. केकवर जी लाल 'चेरी' बसते ती आपल्याकडे बहुतेक वेळा हेच फळ असतं. बी काढून, पाकात मुरवून, रंगवलेलं. लोणच्याला आणि मुरंब्याला हे चांगलं, पण झाडावरून तोडून खायला मला डोंगरातलं काळं हवं होतं. ते मागितल्यावर रोपवाटिकेवाला हसायलाच लागला. "ताई, ते कोण लावतंय ओ? डोंगरात फुकट मिळतंय की!"

लोणच्यासाठी म्हणून ती गुलाबीवाली दोन रोपं घेतली. काळ्यासाठी बी रुजवायचं ठरवलं.

करवंदाच्या बियांचं एक लक्षात ठेवायचं, त्या टिकत नाहीत. वाळवून डबीत ठेवल्या आणि पुढच्या वर्षी पेरल्या, असं चालत नाही. फळ पिकेल तेव्हाच बी काढून पेरायचं. निसर्गानेही सोय तशीच केली आहे. मेअखेर फळ काळं होतं, आणि बी जमिनीवर पडेपर्यंत वळवाचा पाऊस येतो. भावाला सांगून ठेवलं होतं. त्याने डोंगरातल्या तीन-चार वेगवेगळ्या जाळ्यांवरची चांगली पिकलेली, मऊ पडलेली करवंदं पळसाच्या पानात बांधून एसटीने पाठवली. वेगवेगळ्या जाळ्या मुद्दाम, कारण बियांचं झाड आईसारखंच निघेल असं नसतं. एखादी जाळी आंबट, एखादी गोड, एखादीची फळं नुसती बियांची. जितकं मिश्रण तितकं बरं.

बी काढणं हे चिकट काम. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, त्यामुळे चीक असणारच. हाताला खोबरेल लावून फळं पाण्यात कुस्करली, गर चाळणीवर धुतला, बिया चुलीतल्या राखेत चोळून सुट्या केल्या आणि सावलीत फडक्यावर एक दिवस पसरल्या. गर फेकायला घेतला तर सासूबाईंनी तो गुळात आटवून त्याची चटणी केली. चटणी उत्तम झाली. बियांपेक्षा तिची आठवण घरात जास्त निघते.

पिशव्यांमधली माती मी निम्मी मुरमाड, उरलेल्यात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत अशी केली. नुसती काळी माती घातली तर ती पावसात लोण्यासारखी होते आणि उघडीप पडली की भेगाळते. कोवळं मूळ त्या भेगेत तुटतं. बी नखभर खोल. प्रत्येक पिशवीत दोन. खारी उकरतात म्हणून वरून जुनी जाळी. मृगाच्या सरी येऊन गेल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी कोंब दिसायला लागले. सगळे एकदम येत नाहीत. काही आषाढात आले. ज्या पिशव्या रिकाम्या वाटल्या त्या टाकल्या नाहीत, आणि त्यातल्या काहींनी उशिरा का होईना हजेरी लावली.

नंतर मात्र धीर लागतो. करवंदाचं रोप पहिल्या वर्षी वीतभरही होत नाही. शेजारी पेरलेला शेवगा माझ्या डोक्यावर गेला आणि करवंद अजून पिशवीतच. पहिला उन्हाळा मी पिशव्या पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत काढला, आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला लागण केली.

आमच्याकडे वर फूटभर काळी माती, खाली पांढरा मुरूम आणि त्यात चुनखडीचे खडे. खड्डे पहारीने काढावे लागले. फळबाग म्हणून लावायची तर दोन झुडपांत आठ-दहा फूट लागतात. कुंपणाला मात्र अडीच-तीन फुटांवर एक पुरे. खड्ड्यात शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि निघालेलाच मुरूम परत भरला. बाहेरून लाल माती आणायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटला नाही. झाडाने शेवटी मुळं घालायची आहेत ती आमच्याच जमिनीत. खड्ड्यात मऊ गादी करून दिली तर मुळं तिथेच गुंडाळत बसतात.

पाण्याचं सोलापूरकरांना सांगायला नको. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येणार, आलं की हौद, टाकी, पिंप सगळं भरायचं. उजनी धरण भरलेलं असो वा नसो, आमच्या नळाच्या वेळापत्रकात फारसा फरक पडत नाही. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. अशा ठिकाणी रोज झारीने पाणी घालायचं झाड लावणं हा स्वतःवर केलेला अन्याय आहे. मी दोन रोपांच्या मध्ये एकेक जुना माठ गळ्यापर्यंत पुरला. बुडाला बारीक भोक, भोकात सुती चिंधीची वात, तोंडावर परात. नळाचं पाणी आलं की माठ भरायचे, मग ते आपले झिरपत राहतात. वर ज्वारीच्या कडब्याचं जाड आच्छादन. कडबा चांगला अर्धा हात घातला होता, कारण त्यातला काही शेळ्या ओढून नेणार हे हिशेबात धरलं होतं. चैत्र-वैशाखात रोपांच्या पश्चिमेला बांबू रोवून त्यावर विटलेल्या सोलापुरी चादरी टांगल्या. येणारी-जाणारी माणसं विचारायची, धुणं वाळत घातलंय का म्हणून. दुपारी दोन ते पाचचं ऊन तेवढं अडलं की करवंद तगतं. पानं थोडी मुडपली, पण संध्याकाळी परत ताठ.

उन्हापेक्षा मला जास्त त्रास दिला तो सप्टेंबरच्या पावसाने. आमच्याकडे जून-जुलै कोरडेच जातात आणि परतीचा पाऊस एका रात्रीत सगळी थकबाकी चुकती करतो. प्लॉटच्या सखल कोपऱ्यात पाणी साचलं आणि तिथल्या झुडपांची खालची पानं गळायला लागली. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाने एक चर काढून पाणी मोकळ्या प्लॉटकडे वळवलं, आणि त्या कोपऱ्यातल्या झुडपांच्या बुंध्याशी मुरमाची भर दिली. बहुतेक सावरली. एक गेलं.

दुसरं दुखणं चुनखडीचं. नवीन पालवी पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं की समजायचं, झाडाला लोह मिळत नाही. जमिनीत लोह असतं, पण चुना त्याला धरून ठेवतो. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसता मातीत टाकला तर त्याचंही तेच होतं. तो शेणकाल्यात भिजवून, आठवडाभर मुरवून बुंध्याशी घालायचा, आणि शेणखत दरवर्षी चुकवायचं नाही. डाळिंबवाले शेतकरी हे सहज सांगतात, कारण त्यांची जमीन हीच. पालवी पुढच्या फुटीला हिरवी आली. गुलाबी करोंद्याला हा त्रास जास्त झाला, डोंगरच्या काळ्याला कमी. का, ते झाडालाच माहीत.

करवंदाला छाटणी हवी ती फळं संपल्यावर, म्हणजे जुलैच्या सुमाराला. फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, त्यामुळे हिवाळ्यात कात्री चालवली तर त्या वर्षीची फळं गेलीच. सुरुवातीची दोन वर्षं मी शेंडे हातभर उंचीवरच मारत राहिले, म्हणजे बुडातून फुटवे येतात. कुंपणाला बुडाचीच दाटी लागते; वर कितीही माजलं तरी शेळी खालूनच येते. छाटणीला वेल्डिंगवाल्यांचे चामडी हातमोजे. बागकामाचे म्हणून मिळणारे कापडी मोजे करवंदाचा काटा मोजतच नाही. आणि छाटलेल्या फांद्या लगेच उचलायच्या. वाळलेला काटा सायकलच्या टायरमधून आरपार जातो. मुलाच्या सायकलीचं पंक्चर काढणारा माझ्यावर खूश आहे.

लागणीनंतर तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पहिली फुलं आली. तिन्हीसांजेला मागचं दार उघडलं की मंद, गोडसर वास. फळं पहिल्यांदा मूठभर धरली, आणि बुलबुलांना ती माझ्याआधी सापडली. पुढच्या वर्षी बऱ्यापैकी आली. पिकलेलं करवंद दाताने फोडून "कोंबडा की कोंबडी?" असं मुलाला विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हे सोलापूरच्या पोराला कोण सांगणार! आता गल्लीतली सगळी पोरं पैज लावून फोडतात आणि हरलेला ती खातो.

खरी पंचाईत वेगळीच आहे. आमच्या शेजारच्या अक्का तेलुगू, घरात पूर्वीपासून मागाचा व्यवसाय. त्यांनी कुंपणावर हिरवी करवंदं बघितली आणि "अगं, ही तर वाक्काया!" म्हणून उभ्याउभ्याच ओंजळभर तोडली. संध्याकाळी वाटीभर डाळ आली. तुरीच्या डाळीत चिंचेऐवजी कच्ची करवंदं, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. करवंदं आधी उभी चिरायची, बी काढायची आणि मिठाच्या पाण्यात टाकायची म्हणजे चीक निघून जातो. डाळ अशी की मी माहेरी फोन करून सांगितलं. आमच्याकडे कच्च्या करवंदाचं लोणचं करतात, गूळ घालून आणि नुसतं मोहरीचंही, पण डाळीत ती कुणी घातलेली मी पाहिली नव्हती.

तेव्हापासून एप्रिल उजाडला की ओढाताण. अक्कांना हवी हिरवी, मला हवी काळी. हिरवी तोडली तर काळी कुठून होणार? शेवटी वाटणी केली. गुलाबी करोंद्याची दोन्ही झुडपं आणि त्यांच्या भिंतीकडची काळी त्यांची, बाकीची माझी. तरी पाहुणे आले की त्यांचा हात वाटणीच्या अलीकडे येतो, आणि मग माझ्या घरी डाळ येते, त्यामुळे तक्रार करायला तोंड राहत नाही.

शेळ्या अजून येतात. तारेपलीकडे उभ्या राहून बाहेर आलेले कोवळे शेंडे खातात, आत मात्र येत नाहीत. ती छाटणी फुकट होते म्हणून मी हाकलत नाही. दीर मागच्या दिवाळीत आले तेव्हा त्यांनी पुण्याच्या घरासाठी रोप मागितलं. कोणत्या झुडपाचं, तर चवीला सगळ्यात गोड, तिसऱ्या माठाजवळचं. त्या झाडाचं बी पेरलं तर तीच चव उतरेल याचा भरवसा नाही, म्हणून या श्रावणात त्याच्या पेन्सिलभर जाडीच्या फांद्यांना गुटी बांधली आहे. बोटभर साल गोल काढायची, तिथे मुळं फुटायची पावडर लावायची, ओलं शेवाळ आणि वर प्लास्टिक. करवंदाची छाटकलमं सहसा लागत नाहीत, गुटी लागते. मुळं प्लास्टिकमधून पांढरी दिसायला लागली की खालून कापून पिशवीत. जेवढ्या लागतील त्यातली एक पुण्याला, आणि बाकीच्या त्या सखल कोपऱ्यात, जिथे एक झुडूप गेलं तिथे अजून शेळीला डोकं घालता येईल एवढी फट आहे.